ग्रंथांची साक्ष

गेल्या वैशाखातली गोष्ट. नागपूरच्या उन्हाविषयी नागपूरकराने लिहावे आणि परगावच्या वाचकाने ती अतिशयोक्ती समजून पुढे जावे, असा जुना रिवाजच आहे. म्हणून त्याविषयी अधिक न लिहिता एवढेच सांगतो, की दुपारी दोनच्या सुमारास सीताबर्डीवरील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी शिरलो तो ग्रंथशोधनासाठी नव्हे, सावलीसाठी. दुकानदाराने पंख्याखालचे स्टूल पुढे सरकवले आणि मी निदान काही चाळल्यासारखे तरी करावे म्हणून नुकत्याच आलेल्या गठ्ठ्यातील वरचा ग्रंथ माझ्या हाती दिला. पॉल स्किलेटर या इंग्रज लेखकाचा, जॅग्वार कंपनीच्या स्पोर्ट्स मोटारींवरील तो ग्रंथ होता. १९७५ साली प्रसिद्ध झालेला. वेष्टन नाहीसे झालेले, कण्याचा सरस उन्हाने वाळून सुटलेला, आणि समासांत जागोजाग पेन्सिलीने काढलेली मराठी अक्षरे. "याचे पाच हजारसुद्धा आले असते," दुकानदार काहीशा अपराधी स्वरात म्हणाला, "पण कोणी तरी लिहून खराब केला आहे. चारशे द्या."

चारशे देऊन ग्रंथ घरी आणला. माझ्या कपाटात मोटारींवरील असले तीसेक ग्रंथ आहेत आणि दारात एक स्कूटर आहे. या विषम प्रमाणाविषयी घरात आजवर कोणी काही बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र पत्नीने चष्मा वर करून तो जाडजूड ग्रंथ न्याहाळला व शांतपणे विचारले, "अहो, यातली एक तरी गाडी आपल्या फाटकातून आत यायची आहे का?" प्रश्नात उपहास नव्हता. फाटकाची रुंदी तिला ठाऊक होती, माझे निवृत्तिवेतनही ठाऊक होते, आणि तिला खरोखरच उत्तर हवे होते. ते मला त्या वेळी देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न समजावा.

जी वस्तू आपल्याला कधी लाभणार नाही तिच्याविषयी सूक्ष्म ज्ञान मिळवत बसण्यात काही दोष आहे काय? वरवर पाहता नाही. ज्याच्या गळ्यात सूर नाही त्याने भातखंड्यांचे संगीतावरील ग्रंथ वाचू नयेत, असे कोणी म्हणत नाही. उलट अशा वाचकाची रसिक म्हणून वाहवाच होते. परंतु ही तुलना मला पुरती वाचवीत नाही. राग कोणाच्या मालकीचा नसतो, मोटार असते. मोटारीवर लुब्ध होणाऱ्याच्या मनात मालकीची वासना कोठे तरी दडलेली असतेच, आणि मोटार हाती येत नाही असे दिसताच ती वासना तिच्या ग्रंथावर जाऊन बसते. मग पहिली आवृत्तीच हवी, वेष्टन अभंग हवे, पानांना हात लागलेला नको, असले सोवळे सुरू होते. मी स्वतः एकदा एक ग्रंथ प्लास्टिकच्या मोहोरबंद आवरणात विकत घेतला आणि आवरण फाडले तर किंमत उतरेल या भीतीने तो चार वर्षे उघडला नाही. संदर्भासाठी घेतलेला ग्रंथ, आणि त्यात संदर्भ पाहायचा नाही! धाकट्या मुलीने एके दिवशी सहज ते आवरण फाडले, तेव्हा मी तिला रागे भरलो. त्या रागाची मला अजून लाज वाटते.

तरीही नागपूरच्या माणसाला या विषयात ग्रंथावाचून गती नाही, हेही खरे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि कार्ल बेंझने आपल्या मोटारीचे पेटंट घेतले ते १८८६ साली. म्हणजे मोटार जन्मली तेव्हा ती हौसेने मागवायला आमच्याकडे राज्यच उरले नव्हते. जेथे राज्ये राहिली तेथे गोष्ट निराळी. कोल्हापूरकर छत्रपतींची मेबॅक आजही दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांना दिसते. ती काही शर्यतीच्या जातीची गाडी नव्हे, पण डोळ्यांनी पाहता येते, हे काय थोडे आहे? इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे (१९०८-१९६१) यांनी अमेरिकेतील ड्यूझेनबर्गच्या सुपरचार्जर बसवलेल्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीकडून दोघांपुरतीच बॉडी बांधवून घेतली आणि तिला नारिंगी व काळा रंग दिला. कंपनी तिच्या एंजिनाची ताकद ३२० अश्वशक्ती सांगत असे. त्या काळच्या रस्त्यावरील गाडीला हा आकडा जवळजवळ अविश्वसनीय होता. मराठी बोलणाऱ्या राजघराण्याची ही गाडी पुढे अमेरिकेत गेली. अशा किती तरी गाड्या संस्थाने विलीन झाल्यावर, आणि काही १९७१ मध्ये तनखे बंद होण्याच्या आगेमागे, मिळेल त्या किमतीला विकल्या गेल्या. आज त्यांची भेट घ्यायची तर शारदा द्विवेदी व मानवेंद्रसिंह बडवानी यांचा २००३ चा ग्रंथ किंवा गौतम सेन यांचा २०११ चा ग्रंथ उघडावा लागतो. वस्तू गेली, तिची नोंद तेवढी राहिली. आता ती नोंद कोणाच्या शब्दावर विसंबून केली आहे, हा प्रश्न उरतो. आणि असले ग्रंथ निवडू पाहणाऱ्याने वेष्टनाच्या आधी तो विचारावा, असे माझे मत आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार दुसऱ्या एका क्षेत्रात फार कसोशीने झालेला आहे. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि बखर व अस्सल कागद यांतील भेद महाराष्ट्राला एकदाचा कळला. बखर गोड असते, ओघवती असते, ती मोठ्याने वाचून दाखवावीशी वाटते. पण तिच्यातील तिथी जुळत नाहीत. मोटारींच्या ग्रंथांतही नव्वद टक्के बखरीच आहेत. गुळगुळीत कागद, पानभर रंगीत चित्रे आणि एका ग्रंथातून दुसऱ्यात उचललेल्या त्याच त्या दंतकथा. उदाहरण द्यायचे तर जॅग्वारच्या एक्सके १२० या गाडीचे देतो. ही गाडी १९४८ च्या लंडन प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. तिच्या सुरुवातीच्या सुमारे २४० गाड्यांच्या बॉड्या लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या होत्या, पुढच्या पोलादी पत्र्याच्या. बखरकार म्हणतो, वेगासाठी हलका धातू वापरला. कागद पाहणारा सांगतो, की ही गाडी एवढी खपेल अशी कंपनीला मुळी कल्पनाच नव्हती. थोड्याच गाड्या काढायच्या तर पोलादी पत्रा दाबण्याचे महागडे साचे कशाला करा, म्हणून हातकामाने वळणारा ॲल्युमिनियम घेतला. मागणी अनावर झाली तेव्हा साचे केले आणि १९५० पासून पोलादी बॉडी सुरू झाली. शेवटी अशा गाड्यांची संख्या १२,००० च्या वर गेली. पहिली कथा शौर्याची आहे, दुसरी हिशेबाची. आणि खरी दुसरी आहे. ज्या ग्रंथात दुसरी कथा सापडते तो मी घेतो, मग त्याची चित्रे काळीपांढरी का असेनात.

अस्सल कागदांच्या जवळ बसून लिहिणारे लेखक या क्षेत्रात फार नाहीत. बुगाटीवर लिहिणारे ह्यू कॉनवे हे व्यवसायाने विमानांचे अभियंते. विमानाच्या उतरण्याच्या चाकांवरही त्यांचा शास्त्रीय ग्रंथ आहे. त्यांचा बुगाटीवरील १९६३ चा ग्रंथ वाचताना हा गृहस्थ यंत्र उघडून पाहिल्याशिवाय बोलत नाही, असा विश्वास बसतो. अँडर्स डिटलेव्ह क्लाउसागर हे ब्रिटिश मोटारींच्या जुन्या दप्तराचे अभिलेखपाल होते. एमजीच्या टी जातीच्या गाड्यांवरील त्यांचा ग्रंथ कोणता दिवा, कोणते बटन, कोणत्या क्रमांकापासून बदलले, एवढेच सांगत जातो. कादंबरी वाचल्याचे सुख त्यात मिळणार नाही. खतावणी वाचल्याचे मिळते. आणि खतावणी वाचण्यातही सुख आहे, हे आमच्या पिढीतील कारकुनाला निराळे सांगायला नको.

येथे संग्राहक आणि अभ्यासक यांच्या वाटा फुटतात. कार्ल लुडविग्सेन यांचा पोर्शे मोटारींवरील प्रचंड ग्रंथ १९७७ साली एका खंडात निघाला. २००३ मध्ये त्याचे तीन खंड झाले, पुढे चार. लेखक आयुष्यभर आपलाच ग्रंथ दुरुस्त करीत राहिला. संग्राहकाला १९७७ ची प्रत हवी असते, कारण ती पहिली. आणि तिच्यातील ज्या चुका लेखकाने पुढे सुधारल्या त्या चुकांसकट तिला तो कपाटात प्रतिष्ठेने बसवतो. साक्षीदाराने नंतर आपला जबाब सुधारला, तरी आपण त्याच्या पहिल्या जबाबालाच रेशमी दोरा बांधून ठेवावा, तसा हा प्रकार. मी पहिल्या आवृत्तीचा द्वेष करीत नाही. लेखकाला आधी काय वाटत होते हेही कधी कधी कळावे लागते. पण एकच घेण्याची ऐपत असेल तर शेवटची घ्यावी, या निर्णयाला मी आलो आहे. आणि आमच्या हवेत तर तोच शहाणपणा. पंचेचाळीस अंशांच्या चार-दोन उन्हाळ्यांत पुठ्ठ्याचा सरस भुगा होतो, पावसाळ्यात गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटतात, आणि उरलेले काम कसर करते. नागपुरात अभंग प्रत टिकवणे हा ग्रंथप्रेमाचा नव्हे, तर वातानुकूलनाचा प्रश्न आहे.

आता अधिक अवघड प्रश्न येतो. ग्रंथ साक्षीदार खरा. पण साक्ष कशाची? वस्तूच जर जागेवर स्थिर नसेल तर साक्षीदाराने काय सांगावे? 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू रथातून आलास तर रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ काय? चाके? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी हे कबूल करतो, की या सर्व अवयवांच्या आश्रयाने वापरात आलेले ते एक नाव आहे. दीक्षाभूमीच्या या नगरीत तो संवाद अनेकांच्या परिचयाचा आहे. पण मोटारींच्या बाजारात तो रोज नव्याने घडतो, आणि तेथे त्याच्यावर कोट्यवधी रुपयांचे व्यवहार अवलंबून असतात. जुन्या शर्यतीच्या गाडीची बॉडी एकदा चुरडलेली, एंजिन दोनदा बदललेले, चाके तिसऱ्या गाडीची. नाव मात्र एकच, म्हणजे चासीवर ठोकलेला क्रमांक. नागसेनाला जे नाव निव्वळ व्यवहारापुरते वाटले, त्या नावालाच बाजार सगळी किंमत मोजतो.

याची परमावधी जॅग्वारनेच करून दाखवली. १२ फेब्रुवारी १९५७ रोजी कॉव्हेंट्रीतील त्यांच्या कारखान्याला आग लागली. शर्यतीच्या डी जातीच्या गाडीला रस्त्यावर चालवण्याजोगे रूप देऊन काढलेल्या एक्सकेएसएस या गाडीचे नऊ नग त्या आगीत गेले. पूर्ण झालेल्या गाड्या सोळाच राहिल्या. साठएक वर्षे सर्व ग्रंथ सोळा हाच आकडा सांगत आले. २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केले, की आगीत गेलेल्या त्या नऊ गाड्या आम्ही आता बांधून देतो, आणि त्यांना त्या वेळच्याच नोंदवहीतील क्रमांक देतो. त्याआधी २०१४ मध्ये ई जातीच्या हलक्या शर्यती गाड्यांबाबत असेच झाले होते. १९६३ मध्ये अठरा योजल्या होत्या, बारा झाल्या; राहिलेल्या सहा अर्धशतकानंतर बांधल्या. यात लपवाछपवी नाही, सर्व उघड आहे. म्हणून याला खोटेपणा म्हणता येत नाही. तथापि मला विचाराल तर संदर्भग्रंथाने सोळा हाच आकडा ठेवावा आणि नऊ गाड्यांची कथा त्याच्या पुढे स्वतंत्र सांगावी. १९५७ साली जे जळले ते जळले. ज्याची वही असते त्याला तिच्यात पुढे लिहिण्याचा अधिकार असतो, मागे लिहिण्याचा नसतो, असे मी नोकरीत शिकलो.

आणि याच ठिकाणी क्लाउसागरसारख्यांच्या काटेकोरपणाची दुसरी बाजू दिसते. कोणती ओळखपट्टी कशी होती, तिची अक्षरे केवढी, रिव्हेट कोठे, हे ज्या ग्रंथात बिनचूक छापले आहे तो ग्रंथ प्रामाणिक मिस्त्रीला उपयोगी पडतो, तसाच नकली पट्टी ठोकणाऱ्यालाही. जितका ग्रंथ खरा तितकी त्याच्या आधाराने केलेली नक्कल हुबेहूब. मग असे ज्ञान छापू नये काय? मला तसे वाटत नाही, कारण नक्कल पकडणाराही त्याच पानावर बोट ठेवून पकडतो. पण हे उत्तर मी कपाटासमोर बसून देत होतो तोपर्यंत सोपे होते.

दुकानातून आणलेल्या त्या ग्रंथाकडे आता वळतो. समासांतील पेन्सिलीची अक्षरे मी एका रात्रीत वाचून काढली. लिहिणाऱ्याने नाव घातलेले नाही. शेवटी फक्त 'मिस्त्री' एवढेच आहे. छापील मजकुराशी त्याचे जागोजाग भांडण चालले आहे. एका ठिकाणी, 'हा नट असा सुटत नाही, हात भाजतो.' दुसऱ्या ठिकाणी, 'बरोबर.' एक्सके १२० च्या प्रकरणात मात्र समास अपुरा पडला म्हणून तो शेवटच्या कोऱ्या पानावर गेला आहे. तेथे एका गाडीचा चासी क्रमांक आहे आणि खाली लिहिले आहे: 'मुंबईहून आली, १९६९. मालक म्हणतात ॲल्युमिनियम. मडगार्डाला लोहचुंबक चिकटले. पोलादी. ब्लॉक फुटलेला, मार्क सातचे एंजिन बसवून चालू केली. जुने एंजिन भंगारात.' मार्क सात ही जॅग्वारचीच मोठी घरगुती गाडी. तिचे एंजिन मूळचे त्याच जातीचे, त्यामुळे ते बसते आणि चालतेही. म्हणजे मिस्त्रीने लबाडी केली नाही. बंद गाडी चालू केली, आणि काय केले ते लिहून ठेवले.

श्रावणात एक गृहस्थ माझा पत्ता काढीत आले. दुकानदाराकडून कळले म्हणाले. बोलणे सभ्य, जॅग्वारविषयीची माहिती माझ्याहून सरस. चहा झाल्यावर त्यांनी ग्रंथ पाहायला मागितला, आणि तो हाती घेताच चित्रे, मजकूर, काहीही न पाहता एकदम शेवटचे कोरे पान उघडले. मग ग्रंथ मिटून त्यांनी चाळीस हजार रुपये देऊ केले. संग्रहासाठी हवा आहे, म्हणाले. वेष्टन नसलेल्या, कणा सुटलेल्या प्रतीला संग्राहक एवढी किंमत देत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी म्हणालो, त्या पानाचे छायाचित्र हवे तर खुशाल घ्या. छायाचित्र त्यांना नको होते.

मोह झाला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. त्या रकमेत लुडविग्सेनचे सारे खंड आले असते, आणि मुलीच्या शुल्काला हातभार लागून वर काही उरले असते. मी दोन दिवसांची मुदत मागितली. रात्री पत्नीला सगळे सांगितले, तेव्हा वैशाखात फाटकाचा प्रश्न विचारणारी तीच बाई म्हणाली, "ग्रंथ तुमचा, तो विका. पण लिहिलेले त्या मिस्त्रीचे आहे. ते कसे विकणार?"

मी त्या गृहस्थांना नकार कळवला. त्याने माझे मन स्वस्थ झाले असे मात्र नाही. मिस्त्रीच चुकला असेल तर? त्याच्या हाताखालून दोन गाड्या गेल्या असतील आणि वर्षांनंतर लिहिताना एकीचा क्रमांक दुसरीला लागला असेल तर? एकट्या साक्षीदाराच्या, तेही मागाहून दिलेल्या, जबाबावर मी एका माणसाची मालमत्ता संशयास्पद ठरवीत आहे. आणि तो कदाचित फसवणारा नसेल, आधीच फसलेला असेल. बखरीला हसणाऱ्याने स्वतःच्या हाती आलेल्या कागदाची तरी तपासणी नको का करायला? ती करायची तर गाडी पाहावी लागेल, लोहचुंबक घेऊन तिच्या मडगार्डापाशी जावे लागेल, आणि तेथे मला कोण उभे करणार?

ग्रंथ बांधणाऱ्याकडे दिला होता. नवा कणा लावून तो गेल्या आठवड्यात परत आला. "कोरे पान काढून टाकू का, घाण झाले आहे," असे त्याने विचारले होते; नको म्हणून बजावले. काल मी पेन्सिल घेऊन मिस्त्रीच्या मजकुराखाली चार ओळी लिहिल्या: ही प्रत मला सीताबर्डीवर मिळाली, वरील अक्षर कोणाचे ते मला माहीत नाही, त्यात सांगितलेली गाडी मी पाहिलेली नाही, एका गृहस्थांनी हे पान पाहून ग्रंथ मोठ्या किमतीला मागितला, तो मी दिला नाही. खाली तारीख घातली आणि शाईने नव्हे, पेन्सिलीनेच सही केली.